आत्याबाईंचे गोंदण कुठे गेले?



आमच्या आत्याबाई कळंब तालुक्यात राहायच्या. सारा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपणी-वेचणी करण्यात गेला. २०२४ च्या एप्रिल महिन्यात त्यांचा नातू पुण्याहून सुट्टीला आला. तिकडे कंपनीत कामाला आहे आणि हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाईल बाळगतो. आत्याबाई दारातल्या लिंबाच्या सावलीत गहू निवडत बसल्या होत्या, मागे चुन्याची भिंत उन्हात तळपत होती. पोराने मोबाईल समोर धरला आणि म्हणाला, "आजी, तुझी जुनी गोष्ट सांग की." आत्याबाई बारा मिनिटे बोलल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या तेव्हा पाळण्यातले पोर कुठे ठेवायच्या, हजेरीचे पैसे किती दिवसांनी हातात पडायचे, सगळे सांगितले. त्यांचे चालते-बोलते चित्र घरात एवढे एकच.

त्याच पावसाळ्यात आत्याबाई गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माय सर्वांना बोलताना दिसावी, असे आमच्या आतेभावाच्या मनात आले. आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह विहारातल्या टीव्हीला लावला. आवाज खणखणीत आला, पण चित्र पाहून सगळे गप्प झाले. चेहऱ्यावर कुणी राख फासावी तसा रंग. भिंत, लुगडे, लिंबाची पाने, सगळेच फिकट. आतेभाऊ म्हणाला, "दादा, ही माझी माय न्हाई. हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?" नातवाने मोबाईल काढून दाखवला, तर त्यात चित्र अगदी जिवंत. मग फाईल बिघडली, अशी सर्वांनी समजूत करून घेतली. एकाने तर "पुसून टाका, असं बघण्यापरीस नको" असाही सल्ला दिला.

घाईघाईने तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत नेले. तासाभरात त्या गृहस्थांनी 'दुरुस्त' करून दिले. भिंतीवर पट्टे उमटले होते, आणि आत्याबाई चक्क गोऱ्या झाल्या होत्या. "चेहरा जरा उजळ केलाय," असे ते कौतुकाने म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नसावा. लग्नाच्या अल्बमात नवरी-नवरदेवाला रोज उजळ करायची हाताला सवय. पण साठ वर्षे उन्हात रापलेला चेहरा पुसून वेगळीच बाई बसवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला? गोंदण तर तिथेही नव्हतेच. आम्ही तेव्हा काही बोललो नाही, पैसे दिले आणि उठलो. हे आमचे चुकलेच.

रात्री शेजारच्या एका शिकलेल्या पोराला बोलावले. त्याने जे समजावून सांगितले आणि पुढे आम्ही स्वतः जे वाचून पाहिले, ते इथे मांडतो. कारण हे घराघरात घडते आहे.

अलीकडचे बरेच महागडे फोन 'एचडीआर' म्हणजे हाय डायनॅमिक रेंज या पद्धतीने चित्रण करतात. आयफोनमध्ये २०२० साली आलेल्या १२ क्रमांकाच्या मालिकेपासून ही सोय आहे. हेतू चांगला आहे. सावलीतला चेहरा काळाकुट्ट होऊ नये आणि उन्हातली भिंत पांढरीफटक होऊ नये, दोन्ही बारकावे टिकावेत. जुन्या साध्या पद्धतीत लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, या नव्या पद्धतीत १०२४. उजेडाचा पल्लाही कितीतरी मोठा.

आम्ही पडलो कॉमर्सचे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. ताळेबंदाच्या माथ्यावर कंसात 'रुपये हजारांत' असे लिहिलेले असते. ती ओळ न वाचता कुणी आकडे वाचले, तर पाच लाखांची शिल्लक त्याला पाचशे रुपये दिसेल. आकडा खोटा नाही आणि वहीही फाटलेली नाही, फक्त माथ्याची ओळ वाचायची राहिली. एचडीआर फाईलमध्येही अशी ओळ असते. हे आकडे कोणत्या मापाने वाचायचे, ते ती सांगते. फोनला ती कळते. जुन्या टीव्हीला किंवा जुन्या प्लेअरला कळत नाही, तो साध्या मापाने वाचतो आणि चित्र राखाडी पडते. आत्याबाईंचे गोंदण फाईलमध्ये जिथल्या तिथे होते!

त्यातही माप एकच नाही. एक 'एचएलजी' नावाचे, ब्रिटनच्या बीबीसीने व जपानच्या एनएचकेने मिळून काढलेले. साध्या टीव्हीवरही चित्र बरे दिसावे असा त्यामागे विचार आहे. दुसरे 'पीक्यू', डॉल्बी कंपनीचे. हे साध्या टीव्हीवर फारच मलूल दिसते. पुन्हा कंपन्यांची भाऊबंदकी आहेच. सॅमसंगचे टीव्ही 'डॉल्बी व्हिजन' घेत नाहीत, एलजीचे 'एचडीआर टेन प्लस' घेत नाहीत. खोक्यावर एचडीआर छापलेले असले म्हणून हुरळून जाऊ नये. स्वस्त टीव्हीला पुष्कळदा माथ्याची ओळ वाचता येते, पण तेवढा उजेड पाडण्याची ताकद पडद्यात नसते.

कॉम्प्युटरवर आणखी एक अडचण येते. चित्र अडखळत चालते, किंवा नुसता आवाज येतो. ही चित्रे बहुधा 'एचईव्हीसी' नावाच्या दाट बांधणीत साठवलेली असतात. ती दहा बिटांची बांधणी सहज उलगडण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये आहे. त्याआधीचा कॉम्प्युटर धापा टाकतो. बघण्यापुरते म्हणाल तर व्हीएलसी हा फुकट प्लेअर घ्यावा, मात्र २०१८ साली आलेल्या ३.० आवृत्तीचा किंवा त्यापुढचा. तो माथ्याची ओळ वाचतो आणि साध्या पडद्याला झेपेल असे चित्र करून दाखवतो.

टीव्हीवर लावायचे किंवा कापाकापी करायची असेल, तर आधी साध्या पद्धतीत नक्कल काढावी लागते. त्या पोराने 'शॉटकट' हे फुकटचे सॉफ्टवेअर वापरले. फाईल आत घेताच त्याने विचारले, हिचे रंग इथे चुकीचे दिसतील, बदलून घेऊ का? 'बीटी ७०९' या साध्या मापात बदलून घेतले. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला बारा मिनिटांच्या चित्रणासाठी दीड तास लागला. स्टुडिओवाल्यांनी ही एकच पायरी गाळली होती. राखाडी चित्रावरच त्यांनी रंग ताणला, म्हणून भिंतीवर पट्टे आले. तेव्हा स्टुडिओत काम देताना स्पष्ट सांगावे: आधी एचडीआरचे साधे करा, मगच बाकीचे, आणि चेहऱ्याला हात लावू नका.

मूळ फाईल मात्र कधीही पुसू नये. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवली तर ती दाबून लहान केली जाते, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. लग्नकार्यात चित्रण करून लगेच टीव्हीवर दाखवायचे असेल, तर आधीच एचडीआर बंद करणे सोयीचे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, त्यात कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर व्हिडिओचे बटण आहे. पण घरातले म्हातारे माणूस उन्हा-सावलीत बसून बोलत असेल, तर आमच्या मते ते चालूच ठेवावे. नक्कल मागाहून काढता येते. चित्रणातच जे आले नाही ते मागून आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी विहारात नक्कल लावली. आत्याबाई होत्या तशा काळ्यासावळ्या, कपाळावर आठ्या, हनुवटीवर तीन हिरवट ठिपके. शाळेत जाणारी पणती पुढे गेली आणि पडद्यावरच्या त्या ठिपक्यांना बोट लावून आली. कुणी तिला रागे भरले नाही.

पुढे दिवाळीत आम्ही नातवाकडे पुण्याला गेलो होतो. त्याच्या शेजाऱ्यांकडे चांगला एचडीआर टीव्ही आहे, तिथे मूळ फाईल लावून पाहिली. मागची भिंत अशी तळपली की आतेभावाने डोळ्यांवर हात धरला. म्हणाला, "दादा, त्या दिशी ऊन असंच व्हतं."