उलटी उडी मारण्याआधी

प्रकाशाजवळ तापीच्या वाळूत, शाळेच्या मुरमाड मैदानावर, नाहीतर शेताच्या बांधावरून खाली, पोरे उलट्या उड्या मारतात आणि एखादा मित्र ते मोबाइलवर टिपतो. नंदुरबार जिल्ह्यात याचे आता कुणाला नवल वाटत नाही. सातपुड्याच्या चढ-उतारावर वाढलेल्या मुलांचे पाय मुळातच चपळ. त्यांना ‘उड्या मारू नका’ असे दटावणे व्यर्थ आहे, आणि खरे तर चूकही. त्यांना क्रमाने शिकवणारे कुणी भेटत नाही, ही अडचण आहे.

धावत येऊन एकापाठोपाठ एक घेतलेल्या उड्यांना जिम्नॅस्टिक्समध्ये टम्बलिंग म्हणतात. पडद्यावर ते काही सेकंदांत संपते. मागची वर्षे दिसत नाहीत. स्पर्धेचा तळ १२ बाय १२ मीटरचा, खाली स्प्रिंग आणि वर फोम असलेला असतो. मुरमावर मात्र सगळा दणका घोटा, गुडघा, मनगट आणि उडी चुकलीच तर मान घेते.

सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ मध्ये जगज्जेती झाली होती. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे असताना, सरावात एक अवघड उडी अपुरी पडली आणि ती हनुवटीवर आपटली. पायाचे आधीचे दुखणे पुरते बरे झालेले नव्हते. विसाव्या वर्षी मानेखालचे शरीर निकामी झाले, ते २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत. जगज्जेतीचे असे होते, तर रील पाहून शिकणाऱ्या आठवीतल्या मुलाचे काय?

सुरुवात गादीवरच्या साध्या पुढच्या कोलांटीने करावी. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, आणि जमिनीला आधी डोके न लागता खांद्यामागचा भाग लागला पाहिजे. मग भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहणे, मग चाकासारखी बाजूची उडी. उंचावरून खाली येताना गुडघे किंचित वाकवून आवाज न करता उतरणे हा वेगळा, कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी सराव आहे. मागची हवेतली उडी अगदी शेवटी, तीही कमरेला आणि मांडीमागे हात लावून आधार देणारा जाणकार जवळ असेल तरच. दमल्यावर नवी उडी कधीच नाही. कापसाची घरची गादी सरकते, त्यात हात रुततो आणि मनगट मुरगळते. नदीची वाळू वरून मऊ वाटते. ओली झाली की चांगलीच कडक असते.

वाढत्या वयात मनगटाजवळ हाड वाढण्याची जागा कोवळी असते. तिथे दोन आठवडे दुखत असेल तर ‘लचकले असेल’ म्हणून मालीश करत बसू नये.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघायला हवी, ती सिकलसेल. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. अशा मुलाने जांघेत दुखते म्हणून सांगितले तर त्याला आळशी ठरवून पळवणे घातक आहे. तहान आणि अतिश्रमानेही वेदनांचा झटका येतो. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. मुलांची कार्डे क्रीडाशिक्षकाने एकदा नजरेखालून घालावीत.

स्नेहसंमेलनाच्या कसरतींसाठी मंडप, ध्वनिक्षेपक, पोशाख यांची सोय आधी होते. जाड मॅट मात्र राहून जातात. मॅट नसतील तर त्या वर्षी उड्या कार्यक्रमातून काढाव्यात, पाहुणे कितीही मोठे येवोत.

मूल मानेवर पडलेच तर त्याला बसवू नये, पाणी पाजू नये, खांद्यावर टाकून पळू नये. हातापायांना मुंग्या येतात का, बोटे हलतात का, एवढे विचारावे. एकाने दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. गाडीत घेताना चार-पाच जणांनी एकदमच, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून, सपाट फळीवर उचलावे. धडगावहून चांदसैली घाट उतरायचा असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेली चादर लावावी आणि डोके धरणाऱ्याने रुग्णालयापर्यंत हात सोडू नयेत.