सामान्य प्रेक्षकाचा प्रांजळ कौल

रात्रीचा खेळ सुटतो, सभागृहातील दिवे लागतात आणि माणसे जिना उतरू लागतात. जिन्यापासून वाहनतळापर्यंतच्या त्या पाच-सात मिनिटांत चित्रपटाचा जो निवाडा होतो, तो कोणत्याही छापील परीक्षणापेक्षा रोखठोक असतो. मध्यांतरापर्यंत बरा होता, पुढे उगाच ताणला, असे आजोबा म्हणतात. लढाया पाहिल्या, पण माणसे काही कळली नाहीत, असे सून सांगते. नातवाला तोफांचे आवाज आवडलेले असतात. या मंडळींना छायाचित्रणाची परिभाषा अवगत नसते, दिग्दर्शकाच्या आधीच्या कामगिरीशी त्यांना कर्तव्य नसते. वर्षाकाठी चार-सहा चित्रपट पाहणारे हे साधे मध्यमवर्गीय कुटुंब असते. तिकिटाचे पैसे त्याने स्वतःच्या मिळकतीतून मोजलेले असतात आणि म्हणूनच त्याचे मत कोणाचे मिंधे नसते.

दुर्दैवाने अलीकडच्या काळात हा आवाज क्षीण होत चालला आहे. एकीकडे निर्मात्यांच्या जाहिरातबाजीचा गदारोळ आहे. दुसरीकडे इतिहास, धर्म वा राष्ट्र यांचे नाव काढताच नाक मुरडणारे तथाकथित पुरोगामी समीक्षक आहेत. चित्रपट पाहण्यापूर्वीच त्यांचा निकाल लिहून तयार असतो. आणि तिसरीकडे, हे कबूल करावयास संकोच वाटू नये, विषय आपला आहे एवढ्याच कारणास्तव चित्रपटाच्या प्रत्येक दोषावर पांघरूण घालणारी आपलीच माणसे आहेत. या तिन्हींच्या कोलाहलात जिना उतरणाऱ्या त्या आजोबांचे प्रामाणिक मत विरून जाते. चित्रपट पाहण्याऐवजी चित्रपटाची बाजू घेणे एवढेच काम जणू प्रेक्षकाकडे उरले आहे.

वास्तविक भारतीय परंपरेने प्रेक्षकाला इतके गौण कधीच मानले नव्हते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशापयशाची, म्हणजेच सिद्धीची, स्वतंत्र चर्चा आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’ असे उद्गार, अंगावर उभे राहणारे रोमांच ही मानुषी सिद्धीची लक्षणे होत. तर भरलेल्या प्रेक्षागारात आवाज नाही, क्षोभ नाही, सारे निःशब्द आहेत, ही दैवी सिद्धी होय. तरुणांना काय रुचते, वृद्धांना धर्माख्याने व पुराणे कशी भावतात, बालकांना हास्य व वेशभूषा कशी आवडते, याचाही विचार तेथे केलेला आहे. यशाची मोजदाद प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर करावी, तिकीट खिडकीच्या गल्ल्यावर नव्हे, हे ज्या परंपरेने सांगितले, तिच्या वारसदारांनी तरी प्रेक्षकाच्या खऱ्या मताला घाबरू नये.

या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील चित्रपटांकडे पाहिले असता सर्वांत मोठा धडा ‘आदिपुरुष’ने दिला, असे म्हणावे लागेल. १६ जून २०२३ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ओम राऊत हे ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ (२०१५) आणि ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटांचे कर्ते, साहजिकच अपेक्षा उंचावल्या होत्या. भांडवल अफाट होते, तंत्रज्ञान आधुनिक होते आणि विषय तर साक्षात प्रभू रामचंद्रांचा होता. प्रत्येक चित्रपटगृहात हनुमंतासाठी एक आसन रिकामे ठेवण्याचे आवाहनही निर्मात्यांनी केले होते. पण प्रेक्षक फसला नाही. रिकाम्या आसनाला नमस्कार करून बसलेल्या त्याच भाविकाने, लंकादहनाच्या प्रसंगी हनुमंताच्या तोंडी घातलेली बाजारू भाषा ऐकताच संताप व्यक्त केला. काही दिवसांतच निर्मात्यांना संवाद बदलावे लागले आणि पुढे संवादलेखकाला क्षमायाचना करावी लागली.

हा निषेध रामकथेच्या विरोधकांनी केलेला नव्हता. तो रामभक्तांनी केला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतील तंत्र आजच्या मानाने अगदीच साधे होते. आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण पाहून आजची मुले हसतात. तरीही २०२०च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा घरोघरी तीन पिढ्या एकत्र बसून ती पाहत होत्या. कारण तेथे साधने तुटपुंजी असली तरी मर्यादा पुरुषोत्तमाची मर्यादा सांभाळलेली होती. २०२२ साली आलेल्या ‘कांतारा’ या कन्नड चित्रपटाचेही तसेच. तुळुनाडूतील भूतकोलाची परंपरा, तेथील दैवत, जंगल आणि जमीन यांचे नाते ऋषभ शेट्टी यांनी असे उभे केले, की त्या प्रदेशाशी सुतराम संबंध नसलेला मराठी प्रेक्षकही शेवटच्या प्रसंगात स्तब्ध झाला. श्रद्धा हा देखावा नसून जगण्याचा भाग आहे, हे त्या चित्रपटाला कोणत्याही भाषणाविना सांगता आले. भांडवलाचा विचार केला तर ‘आदिपुरुष’पुढे ‘कांतारा’ नगण्यच होता.

‘छावा’चा अनुभव याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पडद्यावर आला. छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाचा प्रसंग संपल्यावर चित्रपटगृहांत जी शांतता पसरत असे, तीच भरतमुनींना अभिप्रेत असलेली दैवी सिद्धी होय. विकी कौशल यांनी आपले सर्वस्व त्या भूमिकेत ओतले, याविषयी दुमत नाही. महाराष्ट्राबाहेरील लक्षावधी लोकांना शंभूराजांचे नाव, त्यांचे शौर्य आणि त्यांनी सोसलेल्या यातना प्रथमच कळल्या, हे या चित्रपटाचे ऋण मान्य करावेच लागेल.

तथापि त्याच प्रेक्षकांनी डोळे पुसत बाहेर आल्यावर काही गोष्टी मोकळेपणाने बोलून दाखविल्या, त्याही नोंदवावयास हव्यात. संगीत त्या काळाशी व त्या मातीशी जुळत नाही, असे अनेकांना वाटले. येसूबाईंच्या तोंडचे उच्चार मराठी कानाला खटकले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘बुधभूषणम्’सारख्या संस्कृत ग्रंथाचे कर्ते, एकाच वेळी अनेक आघाड्यांवर झुंजताना स्वराज्याचा कारभार सांभाळणारे राजे, हे शंभूचरित्राचे दालन तलवारींच्या खणखणाटात मागे पडले, ही खंत जाणत्या मंडळींनी व्यक्त केली. प्रदर्शनापूर्वीच लेझीम नृत्याच्या दृश्यावर आक्षेप घेण्यात आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य वगळले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाबद्दल नाराजी व्यक्त केली, तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरीही व्यक्त केली. डोळ्यांत पाणी येणे आणि डोळे उघडे असणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हेच यातून दिसून आले. ज्याचे महाराजांवर प्रेम आहे, तोच त्यांच्या चित्रणातील उणिवेने अस्वस्थ होतो.

स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील दोन चित्रपटांची तुलनाही उद्बोधक ठरावी. पहिला चित्रपट २००१ साली आला. त्यामागे ज्येष्ठ संगीतकार सुधीर फडके यांची अनेक वर्षांची तपश्चर्या होती. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरलेल्या बाबूजींनी लोकांपुढे झोळी पसरून, गाण्याचे कार्यक्रम करून, लोकवर्गणीतून हा चित्रपट उभा केला. ज्याने पन्नास-शंभर रुपये दिले, तो सामान्य माणूस त्या चित्रपटाचा प्रेक्षकही होता आणि एका अर्थाने निर्माताही. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर वर्षभराच्या आतच, २९ जुलै २००२ रोजी, बाबूजींनी जगाचा निरोप घेतला. जणू त्या कार्यासाठीच प्राण कंठाशी रोखून धरले होते.

दुसरा चित्रपट २२ मार्च २०२४ रोजी आला. रणदीप हुडा यांनी दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशी दुहेरी धुरा वाहिली. अंदमानातील सावरकर साकारण्यासाठी त्यांनी आपले शरीर अक्षरशः झिजविले. ही निष्ठा वंदनीय आहे. परंतु जवळपास तीन तासांच्या या चित्रपटात घटनांची एवढी दाटी झाली, की सावरकरांचा इतिहास ज्याला ठाऊक नाही अशा तरुणाला ती सारी माणसे आणि ते संदर्भ यांचा मेळ घालणे अवघड गेले. जाणकार भारावून बाहेर आला, नवखा गोंधळून बाहेर आला. सावरकर नवख्यापर्यंतच तर पोहोचावयाचे होते! हे मत खाजगीत अनेक कार्यकर्त्यांनी मान्य केले असेल. पण चारचौघांत मात्र मौन बाळगले गेले.

या मौनाचाच विचार येथे करावयाचा आहे. आपल्या विषयावरील चित्रपटाचा दोष दाखविला तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती त्यामागे असते. ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. अनेक दशके ज्या विषयांना चित्रपटसृष्टीने जवळपास अस्पृश्य मानले, ते विषय आता कुठे पडद्यावर येऊ लागले आहेत. अशा वेळी आपणच चिकित्सा करीत बसलो तर निर्माता पुन्हा पाठ फिरवील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अनुभव याच्या उलट सांगतो. कौतुकाची खात्री असली की मेहनतीची गरज उरत नाही. मग भगवा ध्वज, चार घोषणा आणि कर्कश पार्श्वसंगीत एवढ्या भांडवलावर गल्ला भरू पाहणारे व्यापारी पुढे सरसावतात. त्यांना ना इतिहासाचे प्रेम असते, ना विचारांशी बांधिलकी. उद्या वारे फिरले की ते दुसरा विषय धरतील. मागे उरेल तो कंटाळलेला प्रेक्षक आणि ‘हे सारे प्रचारपट’ म्हणून आपल्या थोर पुरुषांकडे पाठ फिरविणारी तरुण पिढी. हे नुकसान कोणत्याही विरोधकाने केलेल्या टीकेपेक्षा मोठे असेल.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. नाटकात कर्झनचे नाव एकदाही येत नव्हते. कथा होती महाभारतातील विराटनगरीची. पण पिटातल्या प्रेक्षकालाही कीचक कोण, सैरंध्री कोण आणि भीम कोण हे सांगावे लागले नाही. अखेर १९१० साली सरकारला त्या नाटकावर बंदी घालावी लागली. ते नाटक आधी नाटक म्हणून कसदार होते, म्हणूनच त्यातील राष्ट्रभावना प्रभावी ठरली. प्रेक्षकाच्या बुद्धीवर लेखकाचा विश्वास होता. आज मात्र पडद्यावरील पात्र प्रेक्षकाकडे तोंड करून राष्ट्रभक्तीचे व्याख्यान देते, आणि तेही जमले नाही की मागून निवेदकाचा घनगंभीर आवाज येतो. प्रेक्षकाला काही कळतच नाही, असे गृहीत धरण्याचाच हा प्रकार होय.

या प्रांजळपणाची दुसरी बाजूही आहे. मराठी प्रेक्षकाने स्वतःलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि त्र्यंबकेश्वरच्या मातीत जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी या देशाला स्वतःचा चित्रपट दिला. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना ‘आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील’ हाच ध्यास त्यांना लागला होता. त्या महाराष्ट्रात २०१५ साली मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचा खेळ मिळावा यासाठी शासनाला नियम करावा लागला, ही काही भूषणाची बाब नव्हे. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी ‘श्वास’ने राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळविले, तेव्हा साऱ्यांना अभिमान वाटला, पण त्यानंतर आलेले किती चांगले मराठी चित्रपट पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांविना उतरले, याची आठवण कोण ठेवतो?

प्रेक्षकाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ने दाखवून दिले. मंगळागौरीच्या खेळांभोवती गुंफलेली सहा बहिणींची ती कथा पाहावयास बायका घोळक्याने, नऊवारी नेसून गेल्या. एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने भिशीतल्या मैत्रिणींना, आणि गावोगावी खेळ वाढत गेले. २०२५ साली ‘दशावतार’मधून कोकणातील लोककला आणि तेथील निसर्गावरील संकट यांची गोष्ट आली. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ऐंशीनंतर उभा केलेला तो दशावतारी कलावंत पाहून मुंबई-पुण्यातील कोकणी माणूस गहिवरला. या दोन्ही चित्रपटांत संस्कृतीचा जयघोष नव्हता, संस्कृती होती. प्रेक्षकाला हा भेद बरोबर कळतो.

तेव्हा यापुढे एखाद्या चित्रपटाचा सामुदायिक खेळ शाखेने, मंडळाने वा महिला समितीने जरूर आयोजित करावा. पण खेळ संपल्यावर अर्धा तास बसून त्यावर मोकळी चर्चाही करावी. काय भिडले, काय खटकले, इतिहासाशी कोठे फारकत झाली, हे घरातील मुलांनाही बोलू द्यावे. मूळ चरित्रग्रंथ घरात आणून ताडून पाहावा. आणि ते मत निर्माता-दिग्दर्शकाला सभ्य शब्दांत कळवावे. चांगले असेल तर पहिल्या तीन दिवसांतच सहकुटुंब जावे. सुमार असेल तर विषय कितीही पवित्र असो, तसे स्पष्ट सांगावे. देवाला वाहावयाचे फूल किडके निघाले तर भक्त ते बाजूला ठेवतो, त्यात देवाचा अवमान नसतो.

फाळक्यांनी पाहिलेले स्वप्न शतकानंतर भव्य पडद्यावर उतरू लागले आहे. त्या स्वप्नाचे रक्षण टाळ्या वाजविणाऱ्या हातांइतकेच, खरे बोलणाऱ्या जिभेनेही होणार आहे. जिना उतरताना आजोबा जे बोलतात, ते ऐकण्याची तयारी समाजाने आणि चित्रपटकर्त्यांनी ठेवली, तर छत्रपतींना, सावरकरांना आणि रामचंद्रांना शोभेल असे चित्रपट या भूमीत निश्चितच निर्माण होतील.