कधीच न संपणाऱ्या वस्तूचं आगाऊ बुकिंग कशाला?



चौथीच्या वर्गात पैशांवरची शाब्दिक उदाहरणं चालली होती. मधेच एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या दादानं गेम बुक केलाय. दोन महिन्यांनी येणार हाय." मी विचारलं, "मग पैसे आत्ताच का भरले?" तो म्हणाला, "आधी नाही भरलं तर संपंल की!" वर्गातल्या निम्म्या मुलांना हे पटलेलं दिसलं. खरं सांगतो, मलाही क्षणभर पटलं. घरी आल्यावर मात्र मनात आलं, हा गेम संपणार कसा?

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशा कन्सोलवर आता गेम डिजिटल स्टोअरमधून थेट डाऊनलोड होतो. बाजारात यायच्या आधीच तो विकत घेणं म्हणजे प्री-ऑर्डर. मोठ्या नव्या गेमची किंमत पाच हजार रुपयांच्या आसपास असते.

आगाऊ बुकिंग आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पन्हाळ्यावर खोली हवी असेल तर आधी सांगून ठेवावंच लागतं, कारण गडावर खोल्या मोजक्या. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत आपल्यापैकी अनेकांनी घेतली असेल. त्यात वाचकाला पुस्तक स्वस्त मिळतं आणि किती प्रती छापायच्या याचा प्रकाशकाला अंदाज येतो. म्हणजे दोघांचाही फायदा.

डिजिटल गेमच्या प्रती छापायच्या नसतात. पहिल्या दिवशी दहा जणांनी घेतला काय आणि दहा लाखांनी घेतला काय, अकराव्या माणसालाही तोच गेम मिळतो. पूर्वी गेमच्या डिस्क दुकानात यायच्या आणि खरोखर संपायच्या. आता डिस्क गेली, पण "संपेल" ही भीती तेवढी शिल्लक राहिली, आणि विक्री त्या भीतीवरच चालते. सोबत आमिषंही असतात: एखादा जादा पोशाख, एखादं हत्यार, महागडी आवृत्ती घेतली तर दोन-तीन दिवस आधी खेळायची मुभा. गेम आधीच डाऊनलोड होऊन राहतो, ही सोय मात्र खरी आहे. पण त्यासाठी न पाहिलेल्या वस्तूचे पैसे मोजायचे का?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात व्यापारी गुळाचा रंग आणि कणी बघितल्याशिवाय बोली लावत नाही. इथे आपण नुसत्या ट्रेलरवर पाच हजार देतो.

'सायबरपंक २०७७' या गेमचं उदाहरण बघा. गेम प्रौढांसाठीचा आहे, पण धडा सगळ्यांसाठी आहे. प्रकाशनाची तारीख एकाच वर्षात तीनदा पुढे गेली आणि शेवटी तो १० डिसेंबर २०२० रोजी आला. तोवर ८० लाखांवर प्री-ऑर्डर झाल्या होत्या. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. जून २०२१ मध्ये तो परत आला, तेव्हा त्यात बरीच दुरुस्ती झालेली होती. जे थांबले, त्यांचं काय बिघडलं?

पैसे परत मिळण्याचे नियमही वाचायला हवेत. प्लेस्टेशन स्टोअरवर प्रकाशनाच्या १४ दिवसांहून आधी केलेली ऑर्डर प्रकाशनाच्या दिवसापर्यंत रद्द करता येते. त्यानंतर केली तर पैसे भरल्यापासून १४ दिवस मिळतात, तेही डाऊनलोड सुरू केलं नसेल तरच. निन्टेन्डोच्या स्टोअरवर तर पूर्वी प्री-ऑर्डर रद्दच करता येत नव्हती. नॉर्वे आणि जर्मनीतल्या ग्राहक संघटनांनी २०१८ मध्ये आवाज उठवला, आणि २०२० मध्ये नियम बदलला.

आता कुणी म्हणेल, पैसे त्यांचे, हौस त्यांची, मास्तरांना काय त्याचं? पण कार्ड आणि ओटीपी पालकांचा असतो. आणि "थांबलो तर संपेल" हा धडा मूल एकदा शिकलं की ते गेमवर थांबत नाही. उद्या हेच मूल मोबाईल, गाडी, कर्ज, सगळीकडे त्याच घाईने सही करेल.

म्हणून गेम बंद करा असं मी म्हणत नाही. बंदी घातली की मूल आपल्याला सांगणं बंद करतं, एवढंच होतं. तीन साध्या गोष्टी करूया. पहिली, बाल बाजाराच्या उपक्रमात मुलांना विचारूया: कोणती वस्तू संपते, कोणती संपत नाही? दुसरी, शालेय बचत बँकेच्या वहीत 'मला घ्यायचंय' असा एक रकाना ठेवूया. वस्तूचं नाव लिहायचं आणि महिन्याने पुन्हा बघायचं, अजून हवी आहे का. तिसरी पालकांसाठी: कन्सोलवर पालक नियंत्रणातून खर्चाची मर्यादा घाला, आणि गेम आल्यावर पंधरा दिवसांनी, लोकांचे अनुभव वाचून, मुलासोबत बसून निर्णय घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: गडावरची खोली, वडापाव, एसटीतली जागा, डाऊनलोड होणारा गेम. यातलं काय संपतं? तोच मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मग दादानं पैसं कशाला भरलं?"

हा प्रश्न त्याला चौथीतच पडला, याचं मला समाधान आहे.