विहिरीत विष कोणी कालवले?

मध्ययुगातल्या प्लेगचा विषय निघाला की आपल्यातलेच काही मित्र एका वाक्यात निकाल लावतात : लोक अज्ञानी होते, म्हणून त्यांनी ज्यूंना जाळले. हे उत्तर गुन्हेगाराला मोकळे सोडते.

अज्ञान तर सगळीकडेच होते. १३४८ साली पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यांनी साथीचे मूळ शनी, गुरू आणि मंगळाच्या युतीत शोधले. पाद्री म्हणत, हा देवाचा कोप. उलेमा सांगत, प्लेगने मेलेला मुसलमान शहीद. साथीच्या गावात जाऊ नका, तिथून पळूही नका. रोग देवानेच धाडला, यावर दोघांचे एकमत. पण त्याच वर्षी इब्न बतूताने दमास्कसमध्ये काय पाहिले? तीन दिवसांच्या उपवासानंतर मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन प्रार्थनेला रस्त्यावर उतरले होते.

म्हणून इस्लामी सत्ता निर्दोष, असे मात्र कोणी समजू नये. १४३८ मध्ये कैरोत सुलतान बार्सबायने धर्मपंडितांना साथीचे कारण विचारले. उत्तर आले : व्यभिचार. लगेच बायकांना रस्त्यावर यायची बंदी! दुबळा घटक शोधायला पंडितांना फार वेळ लागत नाही.

आता स्ट्रासबुर्ग. सव्हॉयमध्ये छळ करून ज्यूंकडून विहिरीत विष टाकल्याचे कबुलीजबाब घेतले गेले आणि ते शहरोशहरी पोचले. स्ट्रासबुर्गच्या नगरसभेने ज्यूंवर हात टाकायला नकार दिला, तर ती नगरसभाच उलथवली गेली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी ज्यूंना सामूहिकपणे जाळण्यात आले. तिथल्या बखरकाराने आकडा दोन हजारांचा दिला आहे. मग काय झाले? ज्यूंकडून घेतलेली कर्जे रद्द झाली, तारण ठेवलेल्या वस्तू परत मिळाल्या, रोकड कारागिरांच्या संघांत वाटली गेली. त्यांचा घात या पैशानेच केला, हेही तोच बखरकार नोंदवतो.

आणि खरे कोणी सांगितलेच नव्हते, असेही नाही. साक्षात पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येच जाहीर केले होते की प्लेगने ज्यूही मरत आहेत, आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही साथ आहे. एवढा साधा कार्यकारणभाव कर्जदारांना कळत नव्हता? कळत होता. परवडत नव्हता.

स्ट्रासबुर्गला प्लेग पोचला तो या जाळपोळीनंतर, १३४९ च्या उन्हाळ्यात. तेव्हा विहिरीत विष कालवायला शहरात ज्यूंची वस्तीच उरली नव्हती.