रबराकडे बघा

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. इंजिन थंड असताना रेडिएटरकडून इंजिनकडे जाणारा जाड काळा होज बोटांनी दाबून बघा. दाबल्यावर तो भरीव लागला आणि सोडल्यावर लगेच पूर्ववत झाला, तर ठीक. लिबलिबीत लागला, आतून करकरला, क्लिपपाशी फुगलेला किंवा तडकलेला दिसला, तर याच आठवड्यात बदला. एवढं बघायला मेकॅनिक लागत नाही.

जुनी गाडी वापरणाऱ्यांना माझी विनंती या रबरापुरतीच आहे. गाडीचं वय झालं की आपल्याला धास्ती वाटते ती इंजिनची. पण वेळच्या वेळी ऑइल बदललेलं इंजिन सहसा दीड-दोन लाख किलोमीटर विनातक्रार चालतं. त्याच्या भोवतीचे होज, बेल्ट, ऑइल सील, बुश, माउंटिंग आणि ब्रेकमधले रबरी कप तेवढे टिकत नाहीत. उष्णतेनं, तेलानं, उन्हानं रबर कडक होतं आणि तडकतं. त्याचं वय किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. बारा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर झालेली गाडी मिळाली की मीटर बघून आपण खूश होतो, पण तिच्यातलं रबर बारा वर्षांचंच असतं. टायरचंही तेच. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे वापरू नका.

‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच जाणार, मग खर्च कशाला?’ असं बरेच जण म्हणतात. वयावरून गाड्या रस्त्यावरून काढण्याचा तो प्रश्न दिल्ली आणि तिच्या परिसराचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओत तपासून घेऊन, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदवता येते, आणि त्यानंतरही पाच-पाच वर्षांनी. गाडी सुस्थितीत ठेवणाऱ्याला घाबरायचं कारण नाही.

हाताशी पैसे थोडे असतील तर पहिला खर्च ब्रेकवर करा. चाकापाशी जो लवचीक ब्रेक होज असतो, तो बाहेरून धड दिसतो आणि आतून सुजतो. मग पायडल सोडल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी एका बाजूला ओढते, थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं असतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय असं समजा. सिग्नलला उभं असताना पायडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलेलं असू शकतं. अशी गाडी घरीही चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा धरलेलं ऑइल लांब घाट उतरताना तापून उकळू शकतं, आणि मग पायडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला. बाटली सीलबंद घ्या. गॅरेजमध्ये फोडून ठेवलेली अर्धी बाटली नको.

पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या अॅक्सलवर घड्या-घड्यांचा रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस बाहेर उडतं, आत धूळ-चिखल जातो, आणि काही महिन्यांत वळण घेताना कट-कट आवाज सुरू होतो. फाटल्याफाटल्या बदलला तर काही शे रुपयांचं काम. आवाज येईपर्यंत थांबलात तर जॉइंट जातो आणि काम हजारांवर जातं. दर वेळी ऑइल बदलायला गाडी वर घेतली की हे बूट बघायला सांगा.

टायमिंग बेल्टचं मात्र कुठलंही चिन्ह दिसत नाही. तो झाकणाआड असतो आणि तुटायच्या आधी बहुधा आवाजही करत नाही. मारुती ८०० आणि जुनी सँट्रो यांना बेल्ट आहे. के-सीरिज इंजिनच्या स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो के१० यांना चेन आहे. तुमच्या गाडीला काय आहे आणि किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचं, हे गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, आणि सगळं हेड उघडावं लागतं. बेल्ट बदलताना त्याचा टेन्शनरही बदला. तेवढ्यासाठी मजुरी दोनदा कशाला द्यायची?

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर लवकर बदलावे लागू शकतात, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हा इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला हातानं चाचपून बघा. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथल्या तिथे बंद करा. इथे काटकसर करायची नाही.

आता खरेदीचं. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, लुकास टीव्हीएस, बॉश हे उत्पादक कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. तो बऱ्याचदा स्वस्त पडतो आणि चांगला असतो. ज्या खोक्यावर कुणाचंच धड नाव नाही, तो नको. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, पण तिच्या ७९६ सीसी इंजिनाचं घराणं ओम्नीत २०१९ पर्यंत आणि अल्टोत २०२३ पर्यंत चाललं, म्हणून तिचे पुष्कळ पार्ट आजही सहज मिळतात. शेवरोले, फोर्ड, इंडिका वापरणाऱ्यांना जास्त फिरावं लागतं. त्यांनी पार्टचा नंबर लिहून घ्यावा आणि नंबरावरूनच मागावा.

बंद पडलेल्या मॉडेलचा ‘जुना स्टॉक, पण अगदी कोरा’ असा होज किंवा बेल्ट दुकानदार काढून देतो, तेव्हा खोक्यावरचा महिना आणि साल वाचा. खिळ्याला दहा वर्षं टांगलेलं रबर न वापरताच म्हातारं झालेलं असतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आरसा, दाराचं हँडल, काच, डॅशबोर्ड जरूर शोधा, पावती मागा, पण ब्रेकचा आणि रबराचा कुठलाही पार्ट तिथून आणू नका.

एक गोष्ट मला फार खटकते. गाडी गरम होते म्हटलं की काही गॅरेजांत थर्मोस्टॅटच काढून टाकतात. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि रेडिएटर चोंदलाय की पंप गेलाय हे कळायचं राहून जातं. थर्मोस्टॅट परत बसवायला सांगा आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाला.

तुमच्या मेकॅनिकला नुसतं बघून घेण्याचेही पैसे द्या. दुरुस्ती निघाली तरच त्याला कमाई होणार असेल, तर ‘अजून वर्षभर चालेल’ असं तो कशाला सांगेल? बदललेला पार्ट मागून घ्या, आणि नव्याची तारीख, किलोमीटर एका वहीत लिहा.

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जायचं असेल तर हे सगळं निदान तीन आठवडे आधी करा. जुन्या गाडीचा पार्ट कधी मुंबईहून, कधी दिल्लीहून मागवावा लागतो. काम झाल्यावर आठवडाभर गाडी गावातल्या गावात चालवा, रोज सकाळी खाली जमिनीवर डाग पडलाय का बघा, आणि होजच्या क्लिपा एकदा पुन्हा आवळून घ्या.