पासपोर्टवर नाव कुणाचं?

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. पुण्याला नोकरीला असलेला पुतण्या पिशोरला घरी आला, तो लॅपटॉप काखेत मारूनच. फराळाच्या ताटापेक्षा त्याचं सगळं लक्ष त्या पडद्यावर. विचारलं तर म्हणाला, "काकू, पुढच्या जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्डकप आहे. आम्ही चौघं मित्र अमेरिकेला जायचं म्हणतोय."

झालं! ओसरीवर बैठकच बसली. भाऊजी, आमचे हे, शेजारचे दोघं-तिघं. एरवी यांच्या बैठकीत अद्रकीचा भाव, मकाची मळणी आणि धरणातलं पाणी याच्या पलीकडे विषय जात नाही. त्या दिवशी मात्र सगळे अमेरिकेत! पुतण्या समजावून सांगत होता. यंदा प्रथमच ४८ संघ, १०४ सामने, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको असे तीन देश, ११ जून ते १९ जुलै. सामन्याचं तिकीट मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही, तो वेगळा काढावा लागतो. त्याची फी १८५ डॉलर, शिवाय मुलाखत. विमानाचं तिकीट आधी काढू नये, राहण्याची सोय चौघांत वाटून घ्यावी... पोरगं हिशेबाचं पक्कं आहे. मला कौतुकच वाटलं.

चहा घेऊन माझी लेक बाहेर आली. वय वर्षं चौदा. शाळेच्या मैदानावर पोरांच्या बरोबरीनं फुटबॉल खेळते. ऑफसाइड म्हणजे काय, हे आमच्या घरात फक्त तिलाच नीट सांगता येतं. ट्रे खाली ठेवत ती म्हणाली, "दादा, मी पण येते."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू? पुतण्या मात्र सहज बोलून गेला, "चल की! पासपोर्ट आहे का तुझा?"

तिच्याकडे कुठला असणार? घरात पासपोर्ट दोनच. एक पुतण्याचा. दुसरा भाऊजींचा, ते कृषी विभागाच्या शेतकरी अभ्यास दौऱ्यावर जाऊन आले होते तेव्हाचा. आत्याबाई, जाऊबाई, मी आणि लेक, आम्हा चौघींपैकी एकीकडेही नाही. आणि इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. माझ्याही नाही.

रात्री लेकीच्या डोक्यावर तेल घालताना म्हटलं, "अगं, अमेरिका म्हणजे काय कन्नडचा बाजार आहे का?" तर म्हणाली, "अमेरिका राहू दे आई. २०२७ चा बायकांचा वर्ल्डकप ब्राझीलला आहे. आणि बघायलाच जाईन असं कशावरून? आपल्या मुलींनी जुलैत थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं आणि ऑस्ट्रेलियातल्या आशिया कपचं तिकीट मिळवलं. त्यांच्याकडे पासपोर्ट नसता तर?"

पासपोर्ट नसता तर? या प्रश्नानं माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी मी कपाटातली कागदांची पिशवी काढली.

मैत्रिणींनो, ती पिशवी तुमच्याही घरात असेल. जुन्या साडीच्या कापडाची किंवा कुठल्या तरी दुकानाची. त्यात सातबारा नीट घडी करून ठेवलेला असतो, मुलाचे दाखले प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये असतात आणि मुलीचे असतात "कुठंतरी". माझ्या लेकीचा जन्माचा दाखला सापडला. त्यावर तिचं नावच नव्हतं! दवाखान्यानं जन्म कळवला तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून नावाची जागा कोरी. ती भरायला पुन्हा कुणी गेलंच नाही. मुलाच्या वेळी मात्र हे आठवणीनं जाऊन नाव लावून आले होते. यात यांची काही दुष्टबुद्धी नव्हती. मुलाला पुढं कागद लागणार हे गृहीत होतं, मुलीचं तसं कुणी धरलं नव्हतं, एवढंच.

चौकशी केली तेव्हा कळलं, की जन्मनोंदीत बाळाचं नाव पहिल्या वर्षभरात फुकट लावता येतं आणि त्यानंतर नियमाप्रमाणे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. लेक चौदाची! आणखी काही महिने ती पिशवी उघडली नसती तर? अंगावर काटा आला. एका कचेरीत तीन चकरा झाल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा रजिस्टर नव्हतं, एकदा शाई नव्हती. चौथ्या वेळी नाव लागलं. आत्याबाई म्हणत होत्या, "पोरीच्या जातीला कशाला गं पासपोट? लग्न झाल्यावर काढील तिचा नवरा." मी काही बोलले नाही. पण मनात आलं, नवऱ्यानं काढायचा तर आधी बापानं जन्माचा दाखला तरी नीट ठेवायला हवा ना!

लेकीचं मार्गी लागलं. मग वाटलं, आपलाही अर्ज भरून टाकावा. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेले. मुलानं माझा शाळा सोडल्याचा दाखला बघितला, आधार कार्ड बघितलं आणि सरळ म्हणाला, "काकू, या दोन वेगळ्या बाया आहेत."

खरंच होतं त्याचं. दाखल्यावर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं सगळं. त्यात लग्नात माझं पहिलं नावसुद्धा बदललेलं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. तेव्हा मीही लाजून हसले होते. त्या तांदळातल्या नावाचा कागद मात्र कुणी केला नाही. ना लग्नाची नोंदणी, ना राजपत्रात नावबदलाची जाहिरात. आणि आज पन्नाशीला टेकल्यावर मला सिद्ध करायचं आहे, की माहेरची ती आणि सासरची ही एकच बाई आहे.

तुम्ही म्हणाल, पिशोरसारख्या गावात बसून ही वर्ल्डकपची नसती उठाठेव कशाला? म्हणून नागपूरची गोष्ट सांगते. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली, त्यांना खरा चेंडू दिला आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा सुरू केली. त्यातून पुढं 'स्लम सॉकर' उभं राहिलं. जगात बेघरांचाही एक वर्ल्डकप असतो. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो पहिल्यांदा भरला. एका बाजूला चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्या वर्ल्डकपला नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं जाऊन आली, नंतर मुलीही गेल्या. ज्यांना घराचा पत्ता सांगता येत नाही त्यांनी पासपोर्टच्या अर्जात पत्ता काय लिहायचा? खेळ शिकणं एकवेळ सोपं, कागद गोळा करणं अवघड.

नागराज मंजुळे यांनी बारसे सरांच्या कामावर २०२२ मध्ये 'झुंड' काढला. अमिताभ बच्चन होते म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. त्यात 'सैराट'मधली आपली आर्ची, रिंकू राजगुरू, मोनिका झाली आहे. तिची निवड होते आणि मग तिचा बाप लेकीला घेऊन ओळखीच्या कागदासाठी या दारातून त्या दारात हिंडत राहतो. माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातले सगळे गोल पुसट झाले, पण तो हिंडणारा बाप तसाच आहे. गोल मारायची ताकद तिच्या पायात होती. तिची वाट अडली होती ती कागदापाशी.

आणि बघायला जाणं हीसुद्धा काही श्रीमंतांचीच मिरास नाही. कोलकात्याच्या खिदिरपूर भागातलं एक वयस्क जोडपं १९८२ च्या स्पेनपासून २०१८ च्या रशियापर्यंत दहा वर्ल्डकप बघून आलं. साधी माणसं, पै-पै साठवून गेली, आणि दर वेळी दोघं मिळून, बाईला घरी ठेवून नव्हे. केरळकडची नाजी नौशी ही तर पाच मुलांची आई. २०२२ मध्ये ती आपली जीप घेऊन आखाती देशांतून एकटी गाडी चालवत कतारच्या वर्ल्डकपला पोचली. सगळ्यांनी असं करावं असं माझं म्हणणं नाही. मला तर कन्नडपर्यंत स्कूटीवर जायचं म्हटलं तरी धडधडतं. पण जावंसं वाटलं तेव्हा या बायकांच्या हातात स्वतःच्या नावाचा पासपोर्ट होता, ही गोष्ट मला मोठी वाटते.

काही गोष्टी आता खरंच सोप्या झाल्या आहेत. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टची फी पंधराशे रुपये, मुदत दहा वर्षं. अठराच्या आतल्यांना हजार रुपये, मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. डिसेंबर २०१६ च्या नियमांनंतर लग्नाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचं नावही चालतं. एकटीनं मूल वाढवणाऱ्या बहिणींना याचं मोल जास्त कळेल. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला लागतो, दुसरा कुठला चालत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी लहान नात-भाची आहे त्यांनी आजच तो काढून बघा. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. छानच झालं. पण आईचंच नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असेल तर बाळाच्या नावात कुठलं लिहिणार?

म्हणून मला वाटतं, मुलीसाठी सोनं करतो तसे तिचे कागदही करावेत. सोनं मोडता येतं, वेळेला गहाण पडतं. कागद तिचे तिच्याजवळ राहतात. लग्नात नाव बदलायचं की नाही हे तिला विचारावं, तांदळाला नव्हे. आणि बदललंच तर त्याच महिन्यात कागदावर आणावं, नाहीतर राहू द्यावं जन्माचं नाव. त्यानं संसार काही कमी गोड होत नाही.

लेकीचा पासपोर्ट आला. त्यात ब्राझीलचा शिक्का कधी उमटेल का? मला नाही वाटत. यंदा अद्रकीनं आम्हाला कुठं नेलं तर बँकेतच नेलं. पण तिनं ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी मैदानावर पळायचं, एवढं सुरू झालं आहे. माझा अर्ज अजून अडकला आहे. राजपत्रात नाव द्यायचंय. फॉर्म समोर आहे. कुठलं नाव कायम ठेवायचं, असं त्यात विचारलंय. यांनी विचारलं, "मग काय ठरवलं?" म्हटलं, "थांबा जरा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला हे विचारलंय. विचार करू द्या."

तोवर तुम्ही तुमची पिशवी उघडा.