महागडे क्रँक आणि बिचारा गुडघा

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय बेचाळीस, उंची पाच फूट चार इंच, नोकरी बँकेत. दोन वर्षांपूर्वी रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा सायकल चालवा असे मीच त्यांना सांगितले होते. त्यांनी ते इतके मनावर घेतले की, जुनी का होईना, रोड बाईक विकत घेतली. आता दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जातात. साखर आटोक्यात आली, पण गुडघ्याची वाटी दुखू लागली. खिशातून कागद काढून म्हणाले, "डॉक्टर, दुकानदार म्हणतो ड्युरा-एसचं क्रँक घाला, पाय हलका पडेल. घालू, की सायकलच सोडून देऊ?"

सायकल सुटली असती तर साखर पुन्हा चढली असती. म्हणून हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना.

क्रँक म्हणजे पायडल ज्याला जोडलेले असते तो दांडा. त्यालाच पुढची चेनव्हील बसवलेली असते. शिमानो या जपानी कंपनीची रोड बाईकसाठी १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी चढती श्रेणी आहे. १०५ आणि ड्युरा-एस यांच्या क्रँकच्या वजनात फरक साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास. किमतीत मात्र दुपटीहून अधिक. घाटाच्या पायथ्याशी पाण्याच्या बाटलीतले दोन घोट प्यायले तरी सायकल तेवढी हलकी होते. आणि शंभर ग्रॅमने गुडघ्याचे दुखणे जात नाही.

वाचकहो, गुडघ्याला क्रँकवरचे नाव वाचता येत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : दांड्याची लांबी आणि चेनव्हीलचे दात. या गृहस्थांच्या सायकलला १७२.५ मिलिमीटरचे दांडे होते. त्यांच्या उंचीला ते लांब. पायडल वर आले की गुडघा फार दुमडायचा आणि त्याच स्थितीत जोर लावावा लागायचा. दांडा १६५चा केला, तर पायडल वर येताना साडेसात मिलिमीटर खाली राहते. शिवाय सीट तेवढेच वर घेता येते. म्हणजे गुडघ्याला एकूण दीड सेंटिमीटरची सवलत!

मात्र आखूड दांड्याला त्याच गिअरमध्ये साडेचार टक्के जोर जास्त लागतो. म्हणून दातही कमी करावेत. त्यांच्या ५२-३६ऐवजी ५०-३४ घेतले की लहान चेनव्हीलवर तो वाढीव जोर भरून निघतो. मागच्या कॅसेटला ३४ दातांची चकती बसत असेल तर फारच उत्तम. घाटात दात-ओठ खाऊन जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत. हे दांडे आणि हे दात १०५मध्येही मिळतात.

'महाग ते मजबूत' ही समजूतही तपासून घ्यावी. सप्टेंबर २०२३मध्ये शिमानोने जुलै २०१९पूर्वी बनलेली अल्टेग्रा व ड्युरा-एसची काही ११ स्पीड क्रँक तपासणीसाठी बोलावली. डिंकाने जोडलेले त्यांचे भाग सुटू शकत होते. अमेरिका व कॅनडातच त्यांची संख्या सुमारे ७ लाख ६० हजार होती. १०५ त्या यादीत नव्हते. जुनी सायकल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे आणि क्रँक करकरू लागले तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय घाट उतरू नये.

शर्यतीत सेकंद मोजणाऱ्यांनी वरचे क्रँक जरूर घ्यावे. हौसेला मोल नसते, हेही मला मान्य आहे. पण हौसेला औषध म्हणून विकू नये, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या गृहस्थांनी १०५ घेतले. मिस्त्रीकडून पुढचा डिरेलर आणि चेन नीट करून घेतली, सीट वर घेतली. तीन आठवडे घाट बंद ठेवून मांडीचे व्यायाम केले. परवा कासहून येऊन सांगत होते, दुखणे बरेच कमी आहे. श्रेय क्रँकचे किती, विश्रांतीचे किती आणि व्यायामाचे किती, हे मी सांगू शकत नाही. पण वाचलेल्या पैशांतून त्यांनी पत्नीलाही साधी सायकल घेतली, हे मला फार आवडले.

गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर मात्र सायकलच्या दुकानात जाऊ नका. आधी डॉक्टरांकडे या.